मूठ आवळा, आजोबा : बळ मोजण्याचा इतिहास



हडपसरला बोलायचं म्हटलं की आम्हाला आधी वारी आठवते. ज्ञानोबांची आणि तुकोबांची, दोन्ही पालख्या पुण्याहून इथवर येतात आणि इथून वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन घाट चढताना दिसल्या की रस्त्याच्या कडेला उभी असलेली तरणी पोरं म्हणतात, काय ताकद आहे! आम्हीही म्हणायचो. पण नीट पाहिलं तर ती ताकद नव्हे, तो दम. दम म्हणजे थोडा जोर पुष्कळ वेळ लावत राहणं. ताकद म्हणजे एका क्षणी, एकदाच, असेल नसेल तेवढा सगळा जोर लावणं. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल. ती मोजायची कल्पना माणसाला कुठून सुचली, मोजल्यावर त्या आकड्यात लोकांनी काय काय वाचलं, आणि आता म्हातारपणाचा अंदाज घ्यायला डॉक्टर तोच आकडा का मागतात.

विषय सुचला तो असा. मागच्या हिवाळ्यात इथेच ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर होतं. रक्तदाब झाला, साखर झाली, वजन झालं. शेवटच्या टेबलावर बाविशी-तेविशीची एक मुलगी बसली होती. तिच्यापुढे सायकलच्या ब्रेकसारखी दांडी आणि वर तबकडी असलेलं एक यंत्र. म्हणाली, "आजोबा, बसून घ्या, कोपर अंगाला लावा, आता मूठ आवळा. अजून, अजून, अजून!" काटा २२ वर थांबला. तीनदा केलं. २२, २३, २३. तिने आकडा लिहिला आणि पुढे लाल पेनने फुली मारली. आमच्या मागे आमचे एक स्नेही होते. चाळीस वर्षं भाजीबाजारात हमाली केलेली, वयाने आमच्यापेक्षा दोन वर्षं मोठे. त्यांनी मूठ आवळली, काटा ३४. फुली नाही. पण खुर्चीतून उठताना त्यांना हात आम्हीच दिला. गुडघे गेलेत त्यांचे.

म्हणजे फुली मिळालेल्या माणसाने बिनफुलीच्या माणसाला उठवलं! तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याच्या डोक्यात किडा सोडायला एवढं पुरे होतं. त्या तेवीस किलोंचा अर्थ काय? आणि चौतीसचा?

आता बळ मोजणं ही काही परक्यांनी आणलेली गोष्ट नाही. माउलींच्या वाटेने सासवडच्या पुढे गेलात की जेजुरी. तिथल्या खंडोबाच्या गडावर एक खंडा आहे, तलवार म्हणा, वजन सुमारे ४२ किलो. दसऱ्याला, ज्याला तिकडे मर्दानी दसरा म्हणतात, हा खंडा उचलण्याची स्पर्धा लागते. कोण एका हाताने उचलून तोलून धरतो, कोण दातांनी उचलतो. आणि तोलून किती वेळ धरला ते घड्याळ लावून मोजतात. या स्पर्धेत दोन प्रश्न एकात एक गुंतलेत हे लक्षात घ्या. खंडा जमिनीवरून उचलला जातो की नाही, हा ताकदीचा प्रश्न. किती मिनिटं धरला, हा दमाचा. आपल्या तालमींतही हेच दिसतं. जोर-बैठका मोजायच्या त्या संख्येने, हजार काढल्या, दीड हजार काढल्या, तो दम. आणि कोपऱ्यात पडलेला दगडी गोटा किंवा नाल एकदा खांद्यावर घेऊन दाखवायचा, ती ताकद. गावोगावच्या मारुतीच्या देवळापुढे असे दगड असायचे. ते हलेनात तोवर पोराला कुणी गडी म्हणायचं नाही. मोजपट्टी ओबडधोबड होती, उत्तर फक्त हो किंवा नाही. पण मोजपट्टी होती.

बायकांची मात्र कुणी मोजली नाही. जात्याचा खुंटा पहाटेपासून धरणाऱ्या हाताची पकड काय असेल, याची नोंद एकाही तालमीच्या वहीत सापडायची नाही.

वैद्यांना वेगळ्या कारणासाठी बळ जाणून घ्यायचं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगी तपासायच्या दहा बाबी दिल्या आहेत, त्यात वयाच्या बरोबरीने व्यायामशक्ती आहे. ती कशी तपासायची? तर माणूस काम किती करू शकतो त्यावरून, आणि तीन पायऱ्यांत बसवायची: उत्तम, मध्यम, कमी. कशासाठी? औषधाची मात्रा ठरवण्यासाठी. दुबळ्या माणसाला जहाल औषध दिलं तर रोगाआधी रोगीच जायचा. पुढे चरक एक इशारा देतात, तो आम्हाला फार आवडतो. शरीर थोराड दिसलं म्हणून बळ आहे असं समजू नका. लहानखुरी, कृश माणसंही बळकट असतात, मुंगी नाही का स्वतःच्या मानाने केवढा भार ओढून नेते? हा इशारा पुढे उपयोगी पडणार आहे, ध्यानात ठेवा.

चरकांचं आणखी एक वर्गीकरण आज लागेल. बळ तीन प्रकारचं: सहज, म्हणजे जन्मतः आलेलं, कालज, म्हणजे ऋतूने आणि वयाने येणारं-जाणारं, आणि युक्तिकृत, म्हणजे आहाराने, व्यायामाने मिळवलेलं. सुश्रुतांनी तर व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करा असं सांगितलं. तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबा. म्हणजे कमाल शक्ती किती हे त्यांनाही ठाऊक हवं होतं, नाहीतर अर्धं कशाचं करणार?

आकडा मात्र आला फ्रान्समधून. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एदमे रेन्ये नावाचा एक यंत्रकार होता. ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्याला माणसाचं बळ वयानुसार कसं वाढतं आणि कसं उतरतं हे पाहायचं होतं, त्यांनी रेन्येला यंत्र करायला सांगितलं. १७९८ च्या सुमाराला रेन्येने त्याची माहिती छापली. पोलादी पट्टीची लंबगोल कमान, ती दोन्ही हातांनी आवळायची, कमान जितकी दबेल तितका काटा पुढे सरकणार. शिबिरातल्या त्या मुलीच्या हातातलं यंत्र याचंच खापरपणतू. यंत्राचा जन्म झाला तोच मुळी वयाच्या प्रश्नातून. पण तो प्रश्न लगेच बाजूला पडला. कसा, ते सांगतो. ही गोष्ट थोडी सावकाश सांगण्याजोगी आहे.

१८०० साली निकोला बोदँ याच्या नेतृत्वाखाली फ्रेंच जहाजं ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यावर फ्रान्स्वा पेराँ नावाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता, त्याच्या सामानात रेन्येचं यंत्र. त्या काळी युरोपात रूसोची छाया मोठी. निसर्गाच्या कुशीतला माणूस धडधाकट आणि सुसंस्कृत माणूस ढिला, असं पुष्कळांना वाटायचं. पेराँ म्हणाला, वाटण्यावर कशाला जायचं, मोजू. टास्मानियातल्या लोकांच्या हातात त्याने यंत्र दिलं, ऑस्ट्रेलियातल्या, तिमोरमधल्या लोकांच्या हातात दिलं, आपल्या खलाशांच्या आणि सिडनीतल्या इंग्रजांच्याही. सरासरी निघाली ती अशी: टास्मानियाचे सुमारे ५०, फ्रेंच सुमारे ६९, इंग्रज सुमारे ७१ किलो. १८०७ साली त्याचा प्रवासवृत्तांत छापून आला आणि पेराँने निकाल दिला की सुधारणा जितकी कमी तितकं बळही कमी. रूसो खोटा ठरला!

आता मोजलेली माणसं किती? टास्मानियातली १२. इंग्रज १४. एवढ्यावर मानवजातीची उतरंड रचली. आणि ती बारा माणसं कोण? ज्यांनी तो पोलादी पिळा उभ्या जन्मात पाहिला नव्हता, ज्यांच्यापुढे बंदुका घेतलेली परकी माणसं खाणाखुणांनी "दाब, दाब" म्हणत होती. त्यांनी सगळा जोर का लावावा? आमच्या मते पेराँची खरी चूक इथे आहे. कमाल बळाच्या मोजमापात एक भागीदार असतो तो म्हणजे मोजून घेणाऱ्याची इच्छा. उंची माणसाच्या मनाविरुद्धही मोजता येते, बळ येत नाही. शिबिरातली मुलगी "अजून, अजून" का ओरडत होती हे आम्हाला पेराँ वाचल्यावर कळलं. ते ओरडणं हा मोजमापाचा भाग आहे. पुढे बेल्जियमच्या केतलेने १८३५ च्या आपल्या ग्रंथात वयानुसार बळाची कोष्टकं दिली आणि दाखवून दिलं की यंत्राच्या दांड्या हातात कशा बसतात यावरसुद्धा आकडा हलतो. पण तोवर पेराँचे आकडे पुस्तकांतून फिरत होते.

त्यानंतर गाल्टन. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने मापनाचं दालन थाटलं. तीन पेनी द्या आणि उंची, नजर, श्वास, मुठीचा जोर असं सगळं मोजून घ्या. ९,३३७ लोकांनी मोजून घेतलं. पैसे देऊन! माणसांच्या बेण्याची निवड करण्याच्या त्याच्या शास्त्राला त्याने आदल्याच वर्षी नाव दिलं होतं, तेव्हा हे आकडे कशासाठी हवे होते ते सांगायला नको.

आपल्याकडे साहेबाने नाकं मोजली, मुठी फारशा नाहीत. पण बळ कुणात आहे हे मात्र न मोजताच ठरवून टाकलं. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते, त्यांच्या काळात लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती ही विभागणी पक्की झाली. १८१८ च्या पहिल्या जानेवारीला कोरेगाव भीमाला ज्या महार शिपायांनी लढाई मारली, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. कोरेगाव भीमा हडपसरहून काही फार लांब नाही. पेराँने बारा माणसं तरी मोजली होती, इथे तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

या अपमानाला महाराष्ट्राने दिलेलं उत्तर तालमी आणि व्यायामशाळांचं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी काढलेलं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. हे सगळं थोर काम आहे यात शंका नाही. पण त्यातही बळ म्हणजे राष्ट्राचं बळ, तरुणाचं बळ. साठीच्या पुढच्या माणसाने मूठ किती आवळावी याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तसं असायचं कारणही नव्हतं म्हणा, साठी गाठायचेच किती जण!

म्हातारपणाकडे हा आकडा परत वळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधला एक दुवा सांगून पुढे जातो. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना थॉमस डीलोर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जड वजनांचे व्यायाम लावले, १९४५ साली त्याचा लेख आला. माणूस जे वजन एकदाच उचलू शकतो, दुसऱ्यांदा नाही, ते त्याचं कमाल बळ, ही मोजणी तिथून रूढ झाली. जिममध्ये जाणारी तुमची नातवंडं आजही त्याच हिशेबाने बोलतात.

मग हवाई बेटांवरून एक बातमी आली. तिथल्या जपानी वंशाच्या पुरुषांची हृदयविकारासाठी १९६५ ते ६८ च्या दरम्यान तपासणी झाली होती, त्यात मुठीचा जोरही नोंदला होता. पंचवीस वर्षांनी संशोधकांनी वह्या उघडल्या. १९९९ साली छापून आलेल्या या अभ्यासात ६,०८९ पुरुष होते. मोजणीच्या वेळी वयं ४५ ते ६८ आणि तब्येती चांगल्या. तरीही ज्यांची मूठ त्या वेळी ढिली होती, त्यांच्यातच म्हातारपणी चालणं, उठणं-बसणं, स्वतःचं स्वतः करणं अवघड झालेले लोक अधिक निघाले. पंचवीस वर्षं आधी मुठीने सांगून ठेवलं होतं.

२०१५ साली लॅन्सेटमध्ये त्याहून मोठा अभ्यास आला. १७ देश, त्यात भारतही, सुमारे १ लाख ४० हजार माणसं, चार वर्षांचा पाठपुरावा. मुठीचा जोर दर ५ किलोंनी कमी होत गेला तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी वाढत गेला. आणि मृत्यूचा अंदाज द्यायला मूठ ही वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. ही बातमी वाचून आमच्या एका मित्राने रबरी चेंडू विकत आणला. दिवसभर दाबत बसतो.

इथे आम्हाला आमचं नैयायिकांचं शास्त्र काढावं लागतं, क्षमा असावी. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलट, अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक. तापल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला अग्नीबरोबर ओलं सरपण लागतं. या दडून बसलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. मूठ हे लिंग आहे, खूण आहे. ती सगळ्या शरीराच्या स्नायूंची, नसांची, मेंदूकडून येणाऱ्या हुकमांची, आजवरच्या आजारांची आणि खाण्यापिण्याची खबर एका ठिकाणी आणून देते. खूण बदलली म्हणून खुणेमागची गोष्ट बदलत नाही. थर्मामीटर बर्फात बुडवून कुणाचा ताप उतरला आहे का? चेंडू दाबून आकडा दोन-तीन किलो चढेल, पायऱ्या चढताना मांडीला जे बळ लागतं ते कुठून येणार?

आमच्या हमाल मित्राचं कोडंही इथे थोडं सुटतं. त्यांची पकड पोत्यांनी घडवली. त्यांच्या उमेदीत शंभर किलोचं पोतं पाठीवर यायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषावर ५५ किलोंपेक्षा जास्त ओझं नको. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ चा. पोतं पन्नास किलोवर यावं म्हणून हमालांना पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं. तोवर गुडघे आणि कंबर कामी आले होते. त्यांचा ३४ हा आकडा खोटा नाही, पण तो हाताचा आहे आणि त्यांचं दुखणं पायाचं. म्हणून आता नुसत्या मुठीवर न थांबता हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला लावतात. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. शिबिरात ही तपासणी असती तर लाल फुली त्यांनाही मिळाली असती.

आता आमच्या तेवीसकडे येऊ. पुरुषांसाठी २८ आणि बायकांसाठी १८ किलोंच्या खाली जोर गेला तर स्नायू क्षीण झाल्याची शंका घ्यावी, ही रेघ आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली आखली. ती आखताना समोर होती ती बरीचशी जपान, चीन, कोरिया अशा पूर्व आशियातल्या लोकांची मापं. आपल्याला तो उसना सदरा. कारण १७ देशांच्या त्या अभ्यासातून असंही दिसलं की दक्षिण आशियातल्या निरोगी माणसांचीही पकड युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा बरीच कमी भरते. ऐकून चमकलात ना? दोनशे वर्षांपूर्वी पेराँ जे म्हणत होता तसाच आकडा! फरक पडतो तो पुढच्या प्रश्नाने. पेराँने आकडा पाहिला आणि जातकुळी सांगितली. आज आकडा पाहिल्यावर विचारायचं ते असं, की हे असं का झालं?

आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको, ते पुण्यातच बरंचसं सापडलं आहे. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती बायकांची पाहणी सुरू केली. कष्ट करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका. त्यांची बाळं जन्मली तेव्हा वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण नुसतं वजन कमी असतं तर त्यात नवल नव्हतं. नवल हे की आपल्या बाळांमध्ये तूट पडली होती ती स्नायूंत, चरबी बऱ्यापैकी शाबूत होती. बाळ दिसायला बारीक, आतून मेदाळ. चरकांनी सांगितलं होतं की दिसण्यावर जाऊ नका. ते त्यांनी बळाबद्दल सांगितलं, इथे त्याची दुसरी बाजू दिसली.

याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण जगापुढे ठेवलं. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय तंतोतंत एक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. सदऱ्याच्या आत कुणाला दिसणार?

याला जोडून इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्याची हकिकत. तिथे १९११ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचं वजन सुईणी नोंदवहीत लिहीत. एथेल बर्नसाइड नावाच्या निरीक्षक बाईंनी ही शिस्त लावली. कित्येक दशकांनी डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या मंडळींच्या हाती त्या वह्या पडल्या. साठी-सत्तरीत पोचलेल्या त्याच "बाळांना" शोधून काढून त्यांच्या मुठी मोजल्या. जन्मवजन ज्यांचं कमी, त्यांची म्हातारपणची पकडही कमी. म्हणजे चरक ज्याला सहज बळ म्हणतात, तेही निव्वळ दैवाचं देणं नव्हे. आईच्या ताटात काय होतं, तिला पोटुशीपणी विसावा मिळाला का, यावर ते ठरत आलं. आमची पिढी पन्नासच्या आसपासची, रेशनच्या धान्याची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या पोटी जन्मलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. उद्या एखाद्या शिबिरात त्यांचा आकडा कमी आला आणि कुणी म्हणालं, "काका, तुम्ही व्यायाम केला नाहीत," तर त्या सल्ल्यात अर्धंच सत्य असेल.

स्नायूंच्या या क्षीणतेला वैद्यकात शब्द आहे सार्कोपेनिया. अर्विन रोझेनबर्ग यांनी तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस घडवला, ग्रीक शब्दांवरून. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य. मांसाचं दारिद्र्य. नाव ठेवणाऱ्याला अभिप्रेत नसेल, पण आपल्या मुलखात ते अक्षरशः खरं ठरलं.

वय झाल्यावर नेमकं घडतं काय? मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या काही नसा मरतात, झटकन जोर लावणारे जलद तंतू आधी झिजतात. मांस जेवढं घटतं त्याहून बळ अधिक वेगाने घटतं. म्हणून नुसती दंडाची जाडी पाहून भागत नाही, जोर लावूनच पाहावा लागतो. पाय घसरला की सावरायला जो एक क्षण मिळतो, त्यात हजार पावलं चालायचा दम कामाला येत नाही, तेव्हा लागते ती ताकद. घाट चढणारी आजी न्हाणीघरात पडते ती यामुळे.

आपल्या देशात हे मोजायला उशिरा का होईना, सुरुवात झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्य-पाहणीत २००७ नंतर सहा राज्यांत मुठी मोजल्या, त्यात महाराष्ट्र होता. याच कामाशी जोडलेली एक पाहणी के.ई.एम.च्या वढू इथल्या ग्रामीण केंद्राने पन्नाशीपुढच्या लोकांची केली. हे वढू कोरेगाव भीमाच्या शेजारचं. मग मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये लासी या नावाची देशव्यापी पाहणी केली: ४५ च्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर माणसं. घरोघर जाऊन दोन्ही हातांचा जोर घेतला. बायकांचाही. जात्याच्या खुंट्यावरचा हात शेवटी वहीत आला, जातं माळ्यावर गेल्यानंतर का होईना.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आकडा कमी आला, पुढे काय? बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी केलेला प्रयोग १९९० साली छापला गेला. दहा जण, सरासरी वय नव्वद. त्यांच्या मांडीचं कमाल बळ मोजलं, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतची वजनं त्यांना उचलायला दिली. मोजल्याशिवाय ८० टक्के काढता येत नाहीत. चरकांची मात्राच ही, फक्त औषधाच्या जागी वजन. आठ आठवडे पुरे केले नऊ जणांनी. त्यांचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं. वय नव्वद! मग चार आठवडे व्यायाम थांबवला, तर कमाल बळातलं ३२ टक्के उतरलं. कालज बळ जातंच, युक्तिकृत कधीही मिळवता येतं, पण ते बँकेतल्या मुदत ठेवीसारखं ठेवून विसरता येत नाही.

सुश्रुत अर्ध्यावर थांबा म्हणतात आणि बोस्टनच्या बाई ऐंशीपर्यंत नेतात, मग खरं कुणाचं? आम्ही याचा निवाडा करणार नाही. फक्त एवढं सांगतो की रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण जोर लावू नका, आणि जोर लावताना श्वास कोंडून धरू नका. आम्हीही विचारूनच सुरुवात केली. रोज सकाळी खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं, थोड्या वेळाने पुन्हा दहा वेळा. दोन महिने झाल्यावर हातात पाण्याची भरलेली बाटली घेऊन. जेवणात मूग-मटकी, दही वाढवलं. चार महिन्यांनी त्या मुलीकडे पुन्हा गेलो. उठण्या-बसण्याचा वेळ सतरा सेकंदांवरून तेरावर आला होता. मूठ २४. तिने फुली पुन्हा मारली, नियमाप्रमाणे मारायलाच हवी होती. पण या वेळी आम्ही तिला विचारलं, "या फुलीपुढे तू काय लिहितेस?" ती म्हणाली, "काहीच नाही सर, एवढाच रकाना आहे." आम्ही म्हणालो, "मग शेजारी लिही. सालचा जन्म, लहानपणी काय खाल्लं, काम काय केलं." हसली. पण लिहिलंन. हमाल मित्राच्याही कागदावर लिहिलं: शंभर किलो, चाळीस वर्षं.

प्रश्नोत्तरांना वेळ आहे. त्याआधी, ते यंत्र आज मागून आणलं आहे, या टेबलावर ठेवलंय. ज्यांना हवं त्यांनी रांगेत या. बायकांनी आधी या, दोनशे वर्षं मागे राहिलात. बसून, कोपर अंगाला लावून. आणि बाकीच्यांनी गप्प बसू नका, "अजून, अजून" म्हणा.